मान आखडली आहे, ईएसआयमधून (कर्मचारी राज्य विमा योजनेतून) फिजिओथेरपी घेतलीय का कोणी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी इंदूरला रामबागेत राहते, विजयनगरच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. दिवसभर लॅपटॉप. सध्या मान उजवीकडे वळतच नाही. स्कूटर वळवताना मागचं बघायला अख्खं अंग फिरवावं लागतं. हाताला मुंग्या वगैरे नाहीत. डॉक्टर म्हणाले स्नायू आखडलेत, फिजिओथेरपी घ्या. शेकते आहे. लॅपटॉपखाली जाड फायली ठेवून स्क्रीन डोळ्यांसमोर आणली, कीबोर्ड वेगळा घेतला, त्याने खरंच बरं वाटतंय.

पण बाहेर फिजिओथेरपीचा खर्च झेपत नाही. पगारातून दरमहा 0.75 टक्के ईएसआय कापतात, तरी ऑफिसात कार्डाबद्दल धड कोणी सांगत नाही. त्यात ऑक्टोबरपासून माझा पगार 21,000च्या, म्हणजे ईएसआयच्या मर्यादेच्या, वर जाईल. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये लाभ मिळतो, एवढं मी वाचलंय.

नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये कोणी मानेची फिजिओथेरपी घेतली आहे का? आधी दवाखान्याची चिठ्ठी लागते का? रोज जावं लागतं, की व्यायाम शिकवून घरी करायला सांगतात? रोज रजा मिळणं कठीण आहे, म्हणून वेळाही कळवा. आणि कार्ड ऑक्टोबरनंतर प्रत्यक्षात चाललं का, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनी कृपया नक्की लिहा.