'काइंडनेस'साठी 'दया' चालेल का?

कोशपंडिता: मानसशास्त्रावरचा एक लेख मराठीत आणतेय. कोशात 'काइंडनेस'ला पहिला प्रतिशब्द 'दया'. पण लेखातला प्रयोग असा: अमित कुमार आणि निकोलस एप्ली (२०२२) यांनी शिकागोत, थंडीत स्केटिंगला आलेल्यांना गरम चॉकलेट दिलं. स्वतःला ठेवा, नाहीतर इथल्याच कुणा अनोळखी माणसाला द्या. बहुतेकांनी देऊन टाकलं. देणाऱ्यांचा अंदाज होता त्याहून घेणाऱ्यांना त्याचं जास्त अप्रूप वाटलं. यात दया कुणावर केली? समोरचा चांगला मजेत घसरतोय बर्फावर!

चौकस: दया वरून खाली येते. दयेचा अर्ज राष्ट्रपतींकडे जातो, शेजाऱ्याकडे नाही. 'उपकार'ही नको, उपकार म्हटला की फेडणं आलं. 'सौजन्य' तर फ्लेक्सवाल्यांनी संपवलं, आता त्याचा अर्थ 'पैसे यांनी दिले' एवढाच. माझं मत 'चांगुलपणा'ला.

तिरकस: चांगुलपणा हा स्वभाव झाला. या प्रयोगांत स्वभाव नसतो, कृती असते. एलिझाबेथ डन, लारा अॅकनिन आणि मायकल नॉर्टन यांचा २००८ चा प्रयोग घ्या. लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. संध्याकाळी पाचच्या आत काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर खर्चायचे. कोण कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं. दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश निघाले, आणि ५ असोत की २०, फरक पडला नाही. त्यांना 'चांगले' म्हणणार कसं? मराठीत इथे नाम शोधूच नये. 'दुसऱ्यासाठी काहीतरी करणं' म्हणा आणि मोकळ्या व्हा.

भीमाकाठ: 'मैत्री' कुणी सुचवलं नाही याचं नवल वाटतं. इगतपुरीला विपश्यनेचं शिबिर केलेल्यांना 'मंगल मैत्री', म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, समजावून सांगावी लागत नाही. बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी २००८ मध्ये जे ध्यान अभ्यासलं ते मेत्ताच, म्हणजे पालीतली हीच मैत्री. इंग्रजीत 'लव्हिंग-काइंडनेस' झालं आणि मराठीत परत येताना 'प्रेमळ दयाळूपणा' होऊन आलं!

कोशपंडिता: ध्यानाच्या परिच्छेदात 'मैत्री'च ठेवते, आभार. बाकी ठिकाणी तिरकस यांचं क्रियापद. आता खरी अडचण, 'सेल्फ-कम्पॅशन'. क्रिस्टिन नेफ यांची २००३ मधली संकल्पना: चुकल्यावर स्वतःला झोडपायचं नाही, जवळच्या माणसाशी वागू तसं स्वतःशी वागायचं. 'स्वतःवर दया' लिहिलं की वाचक 'स्वतःची कीव करणं' असं वाचणार, म्हणजे नेमकं उलट.

कंपाउंडर: प्रयोग सांगा, मग शब्द सापडेल.

कोशपंडिता: क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी, २००७. विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिला. मग काहींना सांगितलं की असं खाणं सगळ्यांकडूनच होतं, मनाला लावून घेऊ नका. पुढे चव बघायला म्हणून गोळ्या-चॉकलेट समोर ठेवली. एरवी खाण्यावर कडक बंधनं घालणाऱ्यांपैकी ज्यांनी हे ऐकलं होतं त्यांनी कमी खाल्लं. ज्यांना कुणी काही बोललं नाही, त्यांनी जास्त.

कंपाउंडर: मग 'सांभाळून घेणं'! नवीन सून चुकली तर 'सांभाळून घ्या' म्हणतो ना? चूक मान्य, पण माणूस आपला. दवाखान्यात रोज बघतो. पथ्य एकदा मोडलं की पेशंट म्हणतो 'आता मोडलंच आहे', आणि आठवडाभर गोड सुरू. त्याला रागावून काही होत नाही.

तिरकस: वा! फक्त 'स्वतःला सांभाळा' लिहू नका हं. त्याचा अर्थ तब्येतीला जपा. 'घेणं' गळलं की शब्द गेला.

चौकस: आणि शीर्षकात? 'स्वतःला सांभाळून घेताना' बरं दिसेल. 'स्व-करुणा' कंसातही नको.