अंबडमध्ये प्रेसवर बोट गेलं, केसपेपरवर मात्र 'घरी लागलं'. मदत हवी आहे

मंडळी, जरा तातडीचं आहे. माझा आतेभाऊ नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये (पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं वर्कशॉप) ठेकेदारामार्फत कामाला आहे. गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्टला पॉवर प्रेसखाली त्याच्या तर्जनीचं पेर गेलं. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं आहेत, पण प्रॉडक्शन निघावं म्हणून एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं! सुपरवायझरने खाजगी दवाखान्यात नेलं आणि केसपेपरवर 'घरी मोटारसायकलच्या चेनमध्ये बोट अडकले' असं लिहायला लावलं. बिल भरलं, हे खरं. आता ठेकेदार म्हणतो, "घरी बस, पगार चालू राहील, कागदं करू नकोस." पोरगा घाबरलाय. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापतात. नोंद करायची जबाबदारी कुणाची, कंपनीची की ठेकेदाराची?

प्रतिसाद १
ठेकेदाराचा माणूस असला तरी कंपनी हात झटकू शकत नाही. जुन्या फॅक्टरी कायदा १९४८ चं कलम ८८ असं होतं: जखमी कामगाराला ४८ तास किंवा जास्त काम करता आलं नाही, तर कारखान्याच्या मॅनेजरने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहिता लागू आहे, तिच्यातही ४८ तासच आहेत. शिवाय ईएसआयची अपघात वही आणि फॉर्म १२, म्हणजे मालकाने ईएसआयला पाठवायचा अपघाताचा रिपोर्ट. एरवी २४ तासांत, पण अवयव गेला असेल तर ताबडतोब. हे टाळतात कशासाठी? इन्स्पेक्टर आला की आधी ती चिकटपट्टी बघेल.

'पगार चालू राहील'वर अजिबात जाऊ नका. कामावरचा अपघात म्हणून नोंद झाली तर बरं होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के मिळतात, आणि पेर गेल्याची टक्केवारी मेडिकल बोर्ड ठरवतं, त्याचे पैसे वेगळे. साधा आजार दाखवला तर ७० टक्के, तेही वर्षाला फार तर ९१ दिवस. बोटाचं काहीच नाही.

कंपनीला आणि ठेकेदाराला लेखी कळवा, पोच घ्या, प्रत ईएसआयच्या कार्यालयात द्या. सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला दाखवताना खरं काय ते सांगा. आणि दवाखान्याचं बिल कुणाच्या नावावर आहे बघा.

धागाकर्ता
बघितलं, कंपनीच्याच नावावर आहे! घरी लागलेल्या बोटाचं बिल कंपनी कशाला भरेल? अर्ज मराठीत चालेल ना?

प्रतिसाद १
चालतो. तारीख, वेळ, मशीन नंबर, शेजारी कोण होतं, एवढं लिहा. चिकटपट्टीचंही लिहा.