एन्क्रिप्शनचे किती काम कार्डाकडे द्यावे आणि किती प्रोसेसरकडे ठेवावे?

प्रश्न
आमच्या टीएलएस (नेटवर्कवरचा संवाद एन्क्रिप्ट करणारा प्रोटोकॉल) गेटवेमध्ये एन्क्रिप्शनसाठी स्वतंत्र पीसीआय एक्स्प्रेस (मदरबोर्डवरच्या खाचेत बसणारे) कार्ड बसवले आहे. सगळे काम त्याच्याकडे सोपवल्यावर प्रोसेसरवरचा भार उतरला, परंतु शे-दोनशे बाइटांचे संदेश पूर्वीपेक्षा उशिरा जाऊ लागले. ठरावीक आकाराखालचे काम सॉफ्टवेअरकडे आणि त्यावरचे कार्डाकडे, अशी विभागणी केली तर ती सीमा कशी ठरवावी?

उत्तर १
कार्डाकडे काम पाठवायचे म्हणजे विनंती रांगेत लिहायची, कार्डाने डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीतून) मजकूर ओढून घ्यायचा, निकाल मेमरीत परत लिहायचा आणि तो तयार झाल्याचे आपल्याला इंटरप्टने (कार्डाने दिलेल्या इशाऱ्याने) किंवा पोलिंगने (आपण वारंवार तपासून) कळायचे. यातला बराचसा खर्च संदेश 100 बाइटांचा असला तरी चुकत नाही. उलट, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये 2010 पासून एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी खास सूचना आहेत, त्यामुळे आपण ज्याला ‘सॉफ्टवेअर’ म्हणतो तेही खरे तर हार्डवेअरच आहे. म्हणून आकाराआधी कामाचा प्रकार पाहावा, असे माझे मत आहे. आरएसए 2048 ची (जोडणीच्या सुरुवातीला ओळख पटवणारी, 2048 बिटांच्या किल्लीची) स्वाक्षरी प्रोसेसरला महागात पडते आणि तिच्यासाठी पाठवायचा मजकूर अगदी थोडा असतो, तेव्हा ती कार्डाकडे द्यावी. एईएस-जीसीएम (प्रत्यक्ष मजकूर एन्क्रिप्ट करून त्यात बदल झालेला नाही हेही तपासू देणारी एईएसची पद्धत) प्रोसेसरवरच ठेवून पाहावे. मात्र उत्तर येईपर्यंत थ्रेड (प्रोग्राममधली कामाची एक धारा) अडून राहिला तर फायदा उरत नाही. टीएलएसच्या ओपनएसएसएल या लायब्ररीत 1.1.0 आवृत्तीपासून असिंक्रोनस (उत्तराची वाट पाहत न थांबणारी) पद्धत आहे, पण ती आपल्या प्रोग्रामलाही हाताळता यायला हवी.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. स्थिर सीमा शांत वेळी बरोबर ठरते आणि गर्दीत चुकते. कार्डाकडे किती विनंत्या प्रलंबित आहेत हे मोजत राहावे आणि रांग भरली असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न न करता ते काम लगेच सॉफ्टवेअरकडे वळवावे. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) हे आपोआप करील अशी अपेक्षा ठेवू नये: ‘प्रोक क्रिप्टो’ (/proc/crypto) फाइलमध्ये दिसणारा प्राधान्यक्रम अल्गोरिदमचे साधन मिळवताना एकदाच पाहिला जातो, प्रत्येक विनंतीला नव्हे.

प्रश्नकर्ता
आमचे प्रमाणपत्र आरएसए 2048 चेच आहे, म्हणजे पहिली सूचना लगेच अमलात आणता येईल. पण एकाच सत्रातले काही रेकॉर्ड (टीएलएस मजकुराचे जे तुकडे पाठवते ते) कार्डाकडे आणि काही प्रोसेसरकडे गेले तर चालेल का?

उत्तर ३
चालेल, पण टीएलएस 1.3 मध्ये नॉन्स (एका किल्लीखाली एकदाच वापरायचा आकडा) रेकॉर्डच्या क्रमांकावरून ठरतो, म्हणून काम कुठेही होवो, क्रमांक एकाच ठिकाणी द्यावा आणि रेकॉर्ड त्याच क्रमाने बाहेर सोडावेत. जीसीएममध्ये एकाच किल्लीखाली तोच नॉन्स वेगळ्या मजकुरासाठी वापरला गेला, तर गोपनीयता जातेच, शिवाय बनावट संदेश तयार करण्याची वाटही मोकळी होते. याहून छुपी चूक म्हणजे कार्डाचे उत्तर वेळेत आले नाही म्हणून तेच रेकॉर्ड सॉफ्टवेअरकडे देणे आणि जुना बफर (मेमरीतली तात्पुरती जागा) लगेच दुसऱ्या कामाला लावणे. कार्डाने ती विनंती सोडून दिलेली नसते. ते उशिरा का होईना त्या बफरमध्ये लिहिते आणि नव्या मजकुराचा विचका होतो. विनंती रद्द झाल्याची किंवा पूर्ण झाल्याची खात्री ड्रायव्हरकडून मिळेपर्यंत तो बफर राखून ठेवावा.