आईला समुद्र दाखवायचाय, लातूरहून वेळासला जावं का?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची आहे, सगळा जन्म औशाकडच्या गावात गेला, पंढरपूर-तुळजापूर झालं पण समुद्र अजून बघितला नाही. मागं टीव्हीवर कासवाची पिल्लं पाण्याकडं जाताना बघितली अन् तवापासून म्हणायली की ते मला एकदा बघायचंय. मार्चमधे आई, आम्ही दोघं अन् दोन लेकरं गाडीनं वेळासला, म्हणजे कोकणात मंडणगडकडं जिथं ही पिल्लं बघायला मिळतात त्या गावाला, जावं म्हणायलोत. घोडे, स्पीडबोट असला बीच नको, नुसता वारा अन् लाटा ऐकू आल्या पायजेत. रस्ता कसा आहे, आईचे गुडघे दुखतात तर चालणं झेपल का, अन् आजूबाजूला काय बघावं?

अंबाजोगाईकर:
दादा बिनधास्त जा. बार्शी-टेंभुर्णीवरून पुणे, तिथं मुक्काम करा कारण एका दमात आईला झेपायचं नाही, मग ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत बागमांडला. तिथून गाडीसकट फेरीबोटीत बसून सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडं वेशवी अन् पुढं बाणकोटवरून वेळास. पेट्रोल म्हसळ्यातच टाका, रोख पैसे जवळ ठेवा. हॉटेल शोधू नका, गावातल्या घरातच राहायची सोय होते, आधी फोन करून जा.
कासवं ऑलिव्ह रिडले जातीची. मादी एकावेळी शंभराच्या वर अंडी घालते, ती जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात अन् साधारण ५०-५५ दिवसांनी पिल्लं निघतात. त्या सुमाराला घरट्यावर टोपली पालथी घालतात अन् सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. आम्हाला पहिल्या संध्याकाळी एकही नव्हतं, लेकरं रडकुंडीला आली, म्हणून दोन मुक्काम धराच. दुसऱ्या सकाळी टोपलीखाली अकरा निघाली. काड्यापेटीएवढा जीव, ओल्या वाळूवर त्याच्या पायाची नक्षी तिफणीच्या तासासारखी उठत जाते, लाट येऊन त्याला मागं फेकते अन् ते परत तोंड पाण्याकडंच करतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं बघा.

परभणीची लेक:
माझं माहेर परभणी, नोकरीमुळं ७ वर्षं मंडणगडला आहे. भाऊ, तारीख ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. इथली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पुनव-अमावस्येला त्याच वेळी ओहोटी असते, पाणी पार लांब गेलेलं असतं अन् काकूंना वाळूतून तेवढं जास्त चालावं लागंल. गावापासून किनाऱ्यापर्यंतही चालत जावं लागतं, त्यामुळं अष्टमी-नवमीच धरा.
गाडी वाळूत अजिबात घालू नका. आमच्या पाहुण्यांची बोलेरो रुतली होती अन् पाणी चढायलं होतं, गावातल्या पोरांनी दोर लावून ओढली म्हणून वाचली. शिवाय वाळूखाली एखादं घरटं असू शकतं हो, चाकाखाली सगळंच जाईल. रात्री किनाऱ्यावर बॅटरी अन् फ्लॅशही नको, मादी उजेडाला बिचकून अंडी न घालताच माघारी फिरते.
बाणकोटचा किल्ला आवर्जून बघा, वरून खाडी समुद्राला मिळताना दिसते. वेळास नाना फडणवीसांचं मूळ गाव. परतताना हरिहरेश्वर करा, तिथली प्रदक्षिणेची वाट खडकातून उतरते, ती फक्त ओहोटीलाच. लाटांच्या कडेला फोटोसाठी कुणी जाऊ नका, तिथं माणसं वाहून गेलेली आहेत. काकूंना मात्र वरच देवळात बसवा.

मांजराकाठ:
ताई, दादा, लई उपकार झाले. कॅलेंडर घेऊन आईजवळच बसलोय. तिला म्हणलं अष्टमीला पाणी जवळ येतंय, तर म्हणाली मंग अष्टमीलाच जाऊ, देवीचा वार पण बघ पडतोय का. जेवायला काय भेटंल तिथं? तिला भाकरीशिवाय जमत नाही.

परभणीची लेक:
भाकरी मिळते पण तांदळाची, पांढरीशुभ्र अन् मऊ. ज्वारीची सवय असंल तर दोन दिवसांचे धपाटे अन् शेंगदाण्याची चटणी बांधून आणा. थोडी चटणी जास्तच आणा भाऊ, मी येते भेटायला.