पेनड्राइव्हवर आईची मालिका अर्धीच रेकॉर्ड व्हायलीय

सेलूकर:
आईची मालिका रात्री 8 ला, अन् नेमकी तेव्हाच आमच्याकडं लाइट जायलीय. सेट टॉप बॉक्सला 32 जीबीचा पेनड्राइव्ह लावून रोजचं रेकॉर्डिंग लावलं. तीन दिवस झाले, पहिली सात मिनिटं दिसतात, पुढं सगळं गायब. काल आई म्हणाली, "तुझ्या मशिनीपेक्षा शेजारच्या काकू बऱ्या, शेवट तरी सांगतात." वरून तोच पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर उघडेना. खराब झाला का काय?

परभणीचा वायरमन:
खराब नाही हो दादा. रेकॉर्डिंगला कुलूप असतं, ज्या बॉक्सवर केलं त्याच्यावरच चालतं. टीव्ही राहू द्या, फक्त बॉक्स इन्व्हर्टरवर घ्या. रेकॉर्डिंगला टीव्ही चालू लागत नाही. छत्रीच्या एलएनबीला (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा भाग) करंट बॉक्समधूनच जातो, त्याची वेगळी सोय नको. अन् बॉक्स रिमोटनं बंद करा, भिंतीवरचं बटण दाबू नका.

उदगीरकर:
शेवटाला पाच मिनिटं जादा धरा. मालिकावाले घड्याळ बघत नाहीत.

सेलूकर:
भिंतीवरचं बटण वडील रोज झोपताना बंद करतात, हे आज कळलं! असो, इन्व्हर्टरवर पूर्ण भाग आला. आई जाहिराती पळवायला शिकली. आता साडेनऊच्या लाइव्ह बातम्याही पळवायला बघायलीय, अन् त्या पळेनात तर रिमोट बिघडला म्हणून माझ्यावरच ओरडायलीय.