मदत हवी आहे: छोट्या लेथसाठी पुन्हा ट्रू चक घेऊ की डॉग चक?

नमस्कार मंडळी, भांडुपला घरामागच्या खोलीत छोटा लेथ (जॉब फिरवून कातायचं यंत्र) लावलाय, सेंटरची उंची ९० मिमी, सोबत ८० मिमीचा तीन जॉचा ट्रू चक (जॉब धरायची पकड, तिन्ही जॉ एकदम सरकतात) आला होता. आमच्या मंडळाचा गणपतीत चलतचित्र देखावा असतो, त्याचे बुश, पुल्या, कॅम सगळं मीच करतो, आणि यंदा काम वेळेत आणि नीट व्हावं अशी फार इच्छा आहे.

अडचण अशी की बुश एका पकडीत केला तर मस्त येतो, पण उलटा करून परत धरला की भोक एकीकडे आणि बाहेरचा गोल दुसरीकडे. मग ग्राइंड केलेली अचूक गोल पिन धरून डायल (फेर मोजायचा काटा) लावला तर फेर जॉजवळ ०.१२ मिमी आणि ५० मिमी पुढे चक्क ०.२५! चक उतरवून डायल स्पिंडलच्या (चक ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्याच्या) तोंडावर लावला तर काटा ०.०१ च्या आतच, म्हणजे स्पिंडल ठीक आहे. जॉ नंबरानेच बसवलेत, डिझेलने धुऊन स्क्रोलमधला (जॉ सरकवणाऱ्या आतल्या चकतीतला) कीसपण काढला, काही फरक नाही. जॉ तोंडाशी झिजलेत असं वाटतंय, ते जागेवरच ग्राइंड करून कोणी वापरलेत का?

मामा गिरणीच्या वर्कशॉपात टर्नर होते, ८२ च्या संपापर्यंत. ते म्हणतात डॉग चकच घे, चारही जॉ वेगळे फिरतात त्यामुळे डायलवर ०.०१ पर्यंत आणता येतं, चौकोनी जॉब धरता येतो. आणि मला कॅम ८ मिमी सेंटरबाहेर करायचेत म्हणजे १६ मिमीची हालचाल मिळेल, ते ट्रू चकवर पॅकिंग लावून करायचा मला धीर होत नाही. पण बुश आहेत ४०, प्रत्येकाला डायल लावत बसलो तर गणपती येऊन जातील. कोलेटचा (चिरा असलेल्या गोल पकडीचा) विचार केला होता, पण ईआर ३२ मापाच्या कोलेटमध्ये २० मिमीपर्यंतच जॉब बसतो, माझे बुश २२ चे.

पैसे एकाच चकचे आहेत. शनिवारी नागदेवीला (मुंबईतला हत्यारांचा बाजार) जातोय. डॉग चक घ्यायचा तर १०० चा पुरेल की १२५ चा? मोठा चक बीडाचा, वजनदार, छोट्या मोटरला आणि बेअरिंगला झेपेल का? आणि बॅकप्लेट (चक स्पिंडलला जोडणारी तबकडी) माझ्याच स्पिंडलवर चढवून टर्न करायची हे माहितीय, पण तिचा खांदा चकच्या खाचेत किती घट्ट ठेवायचा, हाताने दाबून बसेल इतका की हलकं ठोकून? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.