मदत हवी आहे: जुन्या स्लायडर सोडा मशीनच्या गेटचा खटका, स्प्रिंग आणि जुळणारा कॉम्प्रेसर

नमस्कार मंडळी,

नाण्यावर चालणारं, काचेच्या बाटल्यांचं एक जुनं सोडा मशीन सध्या दुरुस्तीला घेतलं आहे. उभ्या कपाटासारखं नाही, आडव्या पेटीचं. वरचं झाकण उघडलं की बाटल्या मानेवर रुळांच्या जोड्यांमध्ये लटकलेल्या दिसतात. हवी ती बाटली रुळावरून सरकवत कोपऱ्यातल्या गेटपाशी आणायची, नाणं टाकायचं आणि बाटली वर ओढून घ्यायची. या प्रकाराला स्लायडर म्हणतात. बाटली द्यायला मोटर नाही, बटण नाही. सगळं काम ओढणाऱ्याच्या हातावर आणि एका खटक्यावर चालतं. हे यंत्र जसं चालायचं तसंच पुन्हा चालावं, एवढी एकच इच्छा आहे.

आधी ओळखीबद्दल. झाकणावर पेयाचा लोगो आहे, पण पार्ट शोधताना त्याचा काही उपयोग होत नाही, कारण ही मशीनं पेयकंपन्या स्वतः बनवत नसत. अमेरिकेत व्हेंडो (कॅन्सस सिटी), कॅव्हेलियर (चॅटनूगा), आयडियल (ब्लूमिंग्टन, इलिनॉय) असे वेगळे कारखाने होते आणि त्यांच्या पेट्यांवर गिऱ्हाइकाच्या पेयाचं नाव चढायचं. त्यामुळे शोध घ्यायचा तो कारखान्याच्या नावानं आणि मॉडेलच्या आकड्यानं. व्हेंडोचे आकडे तर बाटल्यांवरूनच आहेत: व्ही-39 मध्ये 39 बाटल्या, व्ही-81 मध्ये 81. माझ्या पेटीवरची कारखान्याची पट्टी गेलेली आहे. मागच्या बाजूला चार रिव्हेटची भोकं आणि पट्टीखाली झाकला गेलेला मूळ रंगाचा चौकोन तेवढा उरलाय. रुळांची मांडणी आणि गेटची घडण बघून मला ते आयडियलचं वाटतं.

आता खरी अडचण. गेटला दोन झडपा आहेत. बाटली वर खेचली की झडपा उघडतात आणि त्यांच्या आसावर बसवलेली खाचांची चकती फिरते. नाणं पडल्यावर खटका उचलला जातो, चकतीला एकदा फिरू देतो आणि पुढच्या खाचेत परत पडतो. माझ्याकडे तो परत पडत नाही. एका नाण्यात दोन बाटल्या निघतात, कधी तिसरीही. खटका सोडवून भिंगाखाली धरला तर त्याचं नाक पार गोल झालेलं आहे आणि एका कडेला चकचकीत तिरपा पट्टा घासला गेलाय. स्प्रिंगही मूळची वाटत नाही. तारेचं टोक पक्कडीनं वाकवल्याच्या खुणा आहेत.

नाण्याच्या यंत्रणेला मात्र मला हात लावायचा नाही. ती अमेरिकी 5 सेंटच्या नाण्यासाठी आहे: व्यास 21.21 मिमी, जाडी 1.95 मिमी, वजन 5 ग्रॅम. आतला झुलता पाळणा वजन आणि व्यास तपासतो, चुंबक नाण्याऐवजी टाकलेल्या लोखंडी चकत्या अडवतो. दुसरं नाणं चालावं म्हणून हा पाळणा कानस मारून मोठा केलेली मशीनं मी पाहिली आहेत आणि मला ते पटत नाही. एकदा घासलेला धातू परत येत नाही. त्यापेक्षा वाटीभर जुनी 5 सेंटची नाणी मशीनशेजारी ठेवणं कितीतरी बरं.

विचारायचं आहे ते असं. दुसऱ्या मॉडेलच्या स्लायडरचा खटका यात बसतो का, की घडवूनच घ्यावा? स्प्रिंग कशी निवडायची? झाकणाचं रबर दगडासारखं झालंय, ते कोणत्या प्रकारचं घ्यावं? आणि गारव्याचं युनिट: मूळ कॉम्प्रेसर 115 व्होल्ट, 60 हर्ट्झचा, आर-12 या गारवा देणाऱ्या गॅसचा आहे आणि त्याच्या नळ्या आधीच कुणीतरी कापलेल्या आहेत. माझ्याकडचा पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. गेट आणि नाण्याची यंत्रणा मूळचीच हवी, पण युनिटच्या बाबतीत माझा तसा हट्ट नाही. ते पेटीच्या तळाशी झाकलेलं असतं आणि सुरक्षित असणं जास्त महत्त्वाचं.

प्रतिसाद

लोगोऐवजी कारखान्याच्या नावानं शोधताय, हे उत्तम. बरेच जण तिथेच अडकतात.

खटका मागवण्याआधी तीन गोष्टी बघा. चकतीच्या खाचांच्या कडा काटकोनात आहेत का? आस ज्या बुशमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या धातूच्या नळीत, फिरतो तो ढिला झालाय का? चकती हातानं वर-खाली हलली तर नवा कोरा खटकासुद्धा निसटेल. आणि जुनं ग्रीस. ते वाळून मेणासारखं होतं, खटका जड होतो आणि दुबळी स्प्रिंग त्याला वेळेत खाली आणू शकत नाही. सगळं रॉकेलमध्ये धुऊन, कोरडं करून एकदा चालवून पाहा. नाण्याच्या वाटेत तेल अजिबात नको, नाण्यांबरोबर येणारी धूळ त्यात बसते. ग्राफाइटची पूड पुरते.

दुसऱ्या मॉडेलचा खटका बसेल या भरवशावर पैसे घालू नका. खटक्याचं काम मिलीमीटरच्या अंशावर चालतं. भोकापासून नाकापर्यंतचं अंतर किंचित बदललं तरी तो उशिरा पडेल. घडवून घेणं चांगलं, कारण तुमच्या हातात जुना तुकडा आहे. झिजलेल्या नाकाची मूळ लांबी चकतीच्या खाचेवरून काढा: खटका जागेवर ठेवा, चकती बंद स्थितीत धरा आणि नाक जिथे पोचायला हवं तिथली खूण जाड कागदावर घ्या. तो कागद कापून आधी त्याचाच खटका लावून बघा. कागद नीट बसला की मग पोलाद कापायचं. एक सांगतो, नवा खटका चकतीपेक्षा थोडा मऊच ठेवा. झिजायचंच असेल तर सहज बदलता येणारा भाग झिजू दे, चकती परत मिळणार नाही.

स्प्रिंगसाठी चार मापं घ्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे आणि मोकळी लांबी. तुमची स्प्रिंग ताणलेली असणार, म्हणून लांबीवर विश्वास नको. तारेची जाडी मात्र अचूक मोजा. ताकद जाडीच्या चौथ्या घातानं बदलते, म्हणजे तार 10 टक्के जाड घेतली तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. मग नाण्याच्या वजनानं खटका उचलला जाणार नाही आणि दोष तुम्ही नाण्याच्या यंत्रणेत शोधत बसाल.

स्क्रूंची फार काळजी घ्या. या मशीनांत इंची आटे असतात. 10-32 चा स्क्रू (10 नंबरची जाडी, इंचात 32 आटे) म्हणजे 4.83 मिमी व्यास आणि दोन आट्यांत 0.79 मिमी अंतर. मेट्रिक एम-5 चा स्क्रू 5 मिमी आणि 0.8 मिमी. इतके जवळ, की एम-5 जोर लावून आत जातो आणि मूळचे आटे कापून टाकतो. पाव इंची 20 आट्यांच्या भोकात एम-6 उलट लगेच ढिला लागतो, तो निदान फसवत नाही. आटे मोजायची पट्टी जवळ ठेवा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेच्या नावानं वेगळ्या पुडीत घाला.

झाकणाचं रबर मॉडेलवरून न शोधता त्याच्या छेदावरून शोधा. जुना तुकडा आडवा कापा, कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा, उंची मोजा. चुंबकाच्या पट्टीचं घेऊ नका. ती उभ्या दाराच्या फ्रीजसाठी असते. तुम्हाला पोकळ, मऊ, दाबलं जाणारं रबर हवं. फार कडक घेतलं तर झाकण टेकत नाही आणि बिजागऱ्यांवर ताण येतो. बसवल्यावर कागदाची पट्टी झाकणात धरून चारही बाजूंनी ओढून बघा, सगळीकडे सारखी अडकली पाहिजे.

आता कॉम्प्रेसर. 115 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून जुना चालवायचा विचार असेल तर थांबा. 60 हर्ट्झची मोटर 50 वर त्याच व्होल्टेजला चालवली की तिचा गाभा चुंबकीय संपृक्ततेला जातो आणि ती तापते. प्रमाण राखायचं तर 115 ऐवजी साधारण 96 व्होल्ट द्यावे लागतात, शिवाय वेग सहावा भाग कमी होतो. तुमच्या नळ्या उघड्या राहिल्या आहेत, आत ओल शिरलेली असणार. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा नवाच घ्या.

फक्त घरगुती फ्रीजचा काढून बसवू नका. तो कमी बॅक प्रेशरचा (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब कमी) असतो, त्याची क्षमता उणे 23.3 अंश सेल्सिअस बाष्पीभवनाला मोजलेली असते. बाटल्यांच्या पेटीत कोमट बाटल्या भरल्या की त्याच्यावर पेलवणार नाही इतका भार येतो. मध्यम किंवा उच्च बॅक प्रेशरचा मागा. गॅस आर-134ए असेल तर कॉम्प्रेसरमध्ये पीओई हे कृत्रिम तेल येतं. जुन्या कॉइलमधलं खनिज तेल त्यात मिसळत नाही, म्हणून कॉइल आतून नीट धुवावी लागेल. ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा) आणि कॅपिलरी (गॅसचा प्रवाह आवरणारी बारीक नळी) नवी, कॅपिलरी कॉम्प्रेसरला जुळणारी. आर-600ए हा दुसरा गॅस ज्वलनशील आहे. तुमच्या पेटीतला जुना थर्मोस्टॅट आणि रिले उघड्यावर ठिणगी टाकतात, म्हणून या पेटीत तो मी सुचवणार नाही.

आणि वायरिंग. कापडी वेष्टणाच्या आतलं रबर वाकवलं की भुगा होतं. ते सगळं बदला, पेटीला अर्थिंग द्या, मागे 30 मिलिअँपिअरचा गळती स्विच (वीज गळली की पुरवठा तोडणारा) लावा. पत्र्याची पेटी, आत ओल आणि नाणं टाकणाऱ्याचा हात थेट धातूवर, तिथे तडजोड नको.

धागाकर्ता

मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळं धुतलं आणि आस हलवून पाहिला. बुश ढिला आहेच, बोटाला स्पष्ट जाणवतो. म्हणजे आधी पितळी बुश बसवायचा आणि मग कागदाचा खटका. चकतीच्या खाचा चांगल्या आहेत, भिंगाखाली कडा तीक्ष्ण दिसतात, त्याचा फार आनंद झाला.

स्क्रूंमध्ये दोन एम-5 सापडले, दोन्ही गेटच्या पट्टीवर. तिथले आटे गेलेत. भोक मोठं करून टाकण्यापेक्षा तारेचा इन्सर्ट (आट्यांच्या आकाराचं तारेचं वेटोळं) घालून परत 10-32 करायचं ठरवलंय.

बाटल्यांचंही बघितलं. बिल्ल्याच्या झाकणाची मान अजून 26 मिमीचीच असते, त्यामुळे काचेच्या बाटल्या रुळांवर लटकतात; प्लास्टिकच्या 28 मिमी फिरकीच्या झाकणाच्या नाही. पण काही बाटल्यांचं पोट जाड आहे, शेजारच्या रांगेतल्या बाटलीला घासून त्या अडतात. अशा एका आड एक रांगेत लावणार आहे.

रंगाला इतक्यात हात लावत नाही. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिशपेपर तर नाहीच.

कुणाकडे आयडियलचा स्लायडर चालू स्थितीत असेल तर दोन मापं द्याल का? खटक्याच्या भोकाच्या मध्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि गेट बंद असताना नाक खाचेत किती खोल जातं ते. शक्य झालं तर व्हर्नियरनं, आणि शेजारी पट्टी ठेवून समोरून काढलेला एक फोटो.